शनिवारी स्लॅबवर मारलेलं पाणी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मंडळीचे पाळक आदरणीय सूरज लोंढे साहेब. सत्कारमूर्ती, गेली अकरा वर्षं रविवारी दुपारचा शास्त्रवर्ग घेणारे आदरणीय अण्णासाहेब मकासरे. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी सगुणाबाई, ज्यांच्यासाठी आणलेला हार जरा लहान निघाला, त्याबद्दल कमिटीच्या वतीनं आधीच दिलगिरी व्यक्त करतो. कुंभार पिंपळगावहून धंदा बंद ठेवून आलेले, याच छताला सेंट्रिंग लावणारे आमचे पाशामियाँ. मंडळीचे सर्व पंच, माता-भगिनी, तरुण संघाचे मित्र, आणि दाराशी ऊन खात उभे असलेले, ज्यांना मी तीन वेळा आत या म्हणालो ते सर्व बांधव, आपणा सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मी भुजंग खरात. धंद्यानं गवंडी. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. मंडळीचा पंच म्हणून प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट फिरवतो, एवढीच माझी ओळख. भाषणाची मला सवय नाही. भिंत चुकली तर पाडून परत बांधता येते, बोललेलं तसं पाडता येत नाही, म्हणून मी शक्यतो गप्प असतो.

माझ्या आधी पाच जण बोलले. त्यातल्या दोघांना मध्येच थांबावं लागलं. बेबीनंदाताई तर अजून पदरानं डोळे पुसताहेत. मी तिथं कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होतो आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? मी गाव सोडून गेलो तर एवढी माणसं रडतील का?

हसा, हसायला हरकत नाही. मलाही हसू आलं असतं, तो विचार दुसऱ्या कोणाचा असता तर.

अशा समारंभात असलं बोलत नाहीत, हे मला कळतं. पण बुधवारी कमिटी बसली. अण्णासाहेब लेकीकडं, आकांक्षाकडं, नाशिकला कायमचे चालले, तर त्यांचा वर्ग पुढं कोणी घ्यायचा, हा विषय निघाला. सर्वानुमते माझं नाव ठरलं. आज सकाळी उपासनेत पाळकसाहेबांनी ते जाहीर केलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. मंडळी, त्या वर्गाच्या खुर्चीवर माझा अकरा वर्षांपासून डोळा आहे. ती मिळाली, आणि आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला तिच्यावर बसता येत नाही. गोष्ट आपल्या डोक्यावरच्या या छताची आहे. पाळकसाहेब, मी घड्याळाकडं बघतोय. जेवण थंड होऊ देणार नाही.

अण्णासाहेब एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर होते. रिटायर होऊन सासुरवाडीच्या या गावात राहायला आले. त्याआधी शास्त्रातला काही प्रश्न असला की लोक माझ्याकडं यायचे. मी पाळक नाही, पण संध्याकाळी हातपाय धुऊन शास्त्र वाचत बसायची मला लहानपणापासून सवय. मजुरीवरून आलेली माणसं ओट्यावर टेकायची, म्हणायची, "मिस्त्री, ह्या जागी पौलाला काय म्हणायचंय?" मी सांगायचो. माझं लहानसं राज्य होतं ते.

अण्णासाहेब आले आणि दोन महिन्यांत ओटा रिकामा झाला.

आणि त्यांनी शिकवलं काय? शनिवार पाळा. देवानं मोशेला ज्या आज्ञा दिल्या त्या आपल्यालाही दिल्या आहेत. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, मोडू नका, रक्त खाऊ नका, शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी सोडा. मला वाटलं, देवानंच माझ्या हातात दिले यांना. कारण या प्रश्नावर माझी तयारी पक्की होती. प्रभूवर विश्वास ठेवणाऱ्यानं मोशेचं नियमशास्त्र पाळायचं की नाही? नाही पाळायचं. तारण कृपेनं आहे. गलतीकरांच्या मंडळीला पौलानं रागानं पत्र लिहिलं ते याच कारणासाठी. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या मानेवर ते जू ठेवू नका, असं प्रेषितांनी यरुशलेमेत बसून ठरवलं. मी हे सगळं वर्गात उभं राहून सांगितलं. आणि मंडळी, आजही सांगतो, मी बरोबर होतो. शिकवणुकीत मी कुठं चुकलो असं मला आजही वाटत नाही.

पण भांडणार कोण! अण्णासाहेबांनी मान डोलावली. म्हणाले, "बराबर हाये मिस्त्री. बिलकुल बराबर."

मी म्हणालो, "मंग तुम्ही कंडक्टरकी कशाला करून राह्यले? तिकिटाशिवाय कोणाला स्वर्गात न्यायचं न्हाई, असं ठरवलंय का? प्रभूनं आम्हाला फुकट पास दिलाय."

सगळे हसले. मला बरं वाटलं. अण्णासाहेबही हसले. मग म्हणाले, "पास फुकटच असतो, भुजंगराव. म्या बी कोणाला तिकीट मागत न्हाई. पर पास हाये म्हणून गाडीत बिडी वढता येत न्हाई."

तुम्हाला ते वाक्य आठवत असेल. गावभर झालं होतं. लग्नात, बारशाला, सोयाबीनच्या काढणीला, जिथं जावं तिथं कोणीतरी मला ऐकवायचं, "काय मिस्त्री, बिडी वढता का?" मी आयुष्यात बिडी ओढलेली नाही.

माझ्या घरात तर विचारू नका. माझी पत्नी दैवशाला समोरच बसली आहे, तिनं मला खोटं पाडावं. सकाळी अण्णासाहेब म्हणाले, दुपारी अण्णासाहेब म्हणाले. मला रक्ती फार आवडते. कांदा-मिरची घालून परतलेलं बकऱ्याचं रक्त, ज्वारीची भाकरी, वर लिंबू. एके दिवशी ताटात रक्ती नाही. विचारलं तर म्हणाली, "रक्तात जीव असतोय. अण्णासाहेब म्हणले." मी म्हणालो, "घर कोणाचं हाये?" ती म्हणाली, "घर तुमचं, चूल माझी." त्या दिवसापासून नियमशास्त्राला असलेला माझा विरोध जास्त धारदार झाला, हे मी कबूल करतो. गलतीकरांचं पत्र मी आधीही वाचायचो, पण तेव्हापासून भुकेनं वाचू लागलो.

ते कठोर असते तर मला सोपं गेलं असतं. मला ते शास्त्रातल्या परूशासारखे, नियमाच्या अक्षराला चिकटणारे, असायला हवे होते. आपल्या गावचा बाजार शनिवारी. बेबीनंदाताईंचं बांगड्यांचं दुकान त्या एका दिवसावर चालतं. त्यांनी वर्गात विचारलं, "अण्णा, मंग म्या शनिवारचा बाजार सोडू का?" मी मागं बसून वाट बघत होतो. आता हे म्हणणार, सोड. मग मी उठणार, आणि विधवेच्या घासाबद्दल प्रभू काय म्हणाला ते सांगणार. माझं बोट त्या पानावर होतं.

अण्णासाहेब म्हणाले, "बाजार कर बाई. लेकरं उपाशी ठिवून देवाला सुट्टी देऊ नको. सांजच्याला दुकान आवरलं की पाच मिन्टं डोळे मीट, झालं."

मी बोट काढून घेतलं.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, तुम्ही स्वतः शनिवार का पाळता? ते म्हणाले, "तेहतीस वर्षं माझी सुट्टी डेपोनं ठरवली, भुजंगराव. कधी मंगळवार, कधी काही बी. लेकरू आजारी असो, सण असो. रिटायर झालो तवा ठरवलं, आता सुट्टी देवानं सांगितलेल्या वारी घेणार. तारणासाठी न्हाई. मला बरं वाटतं म्हणून." यावर काय वाद घालणार? त्या रात्री मी माणसाला बरं वाटण्याच्या विरुद्ध एखादं वचन आहे का ते शोधत बसलो.

आता छताकडं येतो.

चार वर्षांपूर्वी या जागेवर आपलं पत्र्याचं प्रार्थनामंदिर होतं. उन्हाळ्यात आत बसवत नसे. सगळ्यांनी मिळून स्लॅब टाकायचं ठरलं. मिस्त्री म्हणून काम माझ्याकडं आलं, आणि मी मनातून खूश झालो, कारण शास्त्रात माझं कोणी ऐको न ऐको, सिमेंटमध्ये तर माझंच ऐकावं लागणार होतं. मिक्सर मशीन शनिवारी मिळत होतं. मी शनिवार ठरवला. खरं सांगू? मशीन शुक्रवारीही मिळत होतं. मी विचारलंच नव्हतं.

अण्णासाहेबांनी कमिटीत हात जोडले. म्हणाले, "शुक्रवारी व्हत असंल तर बघा. मंदिराचं काम हाये, मला बी पाट्या उचलायच्यात." पाशामियाँनी तिथंच मशीनवाल्याला फोन लावला आणि शुक्रवार मिळाला. सगळे म्हणाले, करू शुक्रवारी. एकट्या माणसासाठी सगळ्या मंडळीनं तारीख बदलली. माझ्यासाठी कधी कोणी चहाची वेळ बदललेली मला आठवत नाही.

मी एवढंच म्हणालो, "ठीक हाये. पण शनिवारी पाणी कोण मारणार, हे बी ठरवा." कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री, ते तुमचंच काम हाये की." मी हो म्हणालो. आपल्याकडं रीतच आहे, पाण्याची जबाबदारी मिस्त्रीची.

शुक्रवारी घरटी एक माणूस आला. दुपारपर्यंत स्लॅब झाला. मटण-भाकरीचं जेवण झालं. आचाऱ्यानं रक्ती वेगळ्या पातेल्यात ठेवली होती, आणि मी ती सगळ्यांच्या समोर दोनदा मागून घेतली. अण्णासाहेब पाट्या उचलून उचलून थकले होते, पण त्यांनी मला स्वतःच्या हातानं कांदा दिला.

ज्यांनी बांधकाम केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यावर छोट्या छोट्या पाळी, म्हणजे बांध, घालून पाणी साठवून ठेवावं लागतं. भर उन्हाळ्यात तो एक दिवस कोरडा गेला, तर छताला केसासारख्या बारीक भेगा पडतात. छत लगेच पडत नाही. पण भेग ती भेगच. पुढं पावसाचं पाणी शिरतं, आतली सळई गंजते. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पंचवीस वर्षं मी हेच करतो आहे.

त्या शनिवारी मी पाणी मारायला आलो नाही.

विसरलो नाही. आजारी नव्हतो. घरी सांगितलं की सळई बांधायची तार आणायची आहे, आणि मोटरसायकल काढून कुंभार पिंपळगावला गेलो. चौकात चहाच्या टपरीवर बसलो. एक चहा, दुसरा चहा. ऊन चढत होतं. मला इकडचं छत डोळ्यासमोर दिसत होतं, पांढरं पडत चाललेलं. माझ्या मनात असं होतं, की रविवारी सगळे वर चढून बघतील, भेगा दिसतील, आणि मी म्हणेन, बघा, शनिवार मध्ये आणला म्हणून काम बिघडलं. शनिवारी मला तारेसाठी जावं लागलं, शनिवारी स्लॅब झाला असता तर रविवारी मी पाणी मारलं असतं. नियमशास्त्रानं छत फाटलं. एवढं एक वाक्य मला म्हणायचं होतं. त्या वाक्यासाठी मी लेकराबाळांच्या डोक्यावरचं छत वाळू दिलं.

कोणीतरी सगुणाबाईंना पाणी द्या. नाही, बसा तुम्ही. मी आटोपतोच.

संध्याकाळी मी परत आलो, पण इकडं फिरकलो नाही. रविवारी सकाळी, बाहेर मांडवात भरणाऱ्या उपासनेच्या आधी, शिडी लावून वर गेलो. भेगा कुठं पडल्या ते आधी बघून ठेवावं म्हणून.

स्लॅबभर पाणी होतं.

या कडेपासून त्या कडेपर्यंत पाळी घातलेल्या. वेड्यावाकड्या. काळ्या मातीच्या. मिस्त्री माणूस स्लॅबवर काळी माती कधी घालत नाही, आम्ही वाळूत थोडं सिमेंट मिसळून पाळ करतो. हे भेंडीचे वाफे करावेत तसं कोणीतरी केलं होतं. मला कळेना कोणी. तेवढ्यात खालून पाळकसाहेबांची हाक आली. साहेब, तुम्हाला आठवतं? कडेवरून पाणी ठिबकत होतं आणि तुम्ही वर बघून हसलात. उपासनेत तुम्ही प्रार्थना केलीत, की प्रभू, आमच्या भुजंगरावांचे कष्ट स्वीकार, त्यांनी काल उन्हातान्हात तुझ्या घरावर पाणी शिंपलं.

मी आमेन म्हणालो.

तो महिन्याचा पहिला रविवार होता, प्रभुभोजन होतं. मी भाकरीचं ताट घेऊन ओळीनं फिरत होतो. दुसऱ्या ओळीत अण्णासाहेबांनी हात पुढं केला. दोन्ही तळव्यांना फोड आलेले. एक फुटलेला, त्यावर हळद. आपल्या हापश्याचा दांडा किती जड चालतो तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी वीज नव्हती, मोटर बंद. पासष्ट वर्षांचा माणूस हापसा मारून, घागर घेऊन, शिडी चढून वर गेला होता. किती वेळा, ते मी विचारलं नाही. मी त्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि पुढच्या माणसाकडं सरकलो.

पाशामियाँनी मला पुढच्या आठवड्यात सगळं सांगितलं. ते स्लॅबखाली टेकू दिलेल्या बल्ल्या तपासायला शनिवारी दुपारी येऊन गेले होते. पाशामियाँ, मी सांगतो त्यात चूक झाली तर थांबवा. यांनी खालून आवाज दिला, "कैकू अण्णा, आज तो तुम्हारी छुट्टी है ना?"

अण्णासाहेब वरून म्हणाले, "छुट्टी माझी हाये भौ, सिमेंटची न्हाई."

आणि मग म्हणाले, "मिस्त्रीला कायतरी अडचण आली आसंल. कोणाला बोलू नका."

मी पाशामियाँवरच चिडलो. म्हणालो, तुम्ही का नाही मारलं पाणी, वर का नाही चढलात? ते म्हणाले, "चढ़ा ना मैं. आधा मैंने मारा. लेकिन मिस्त्री, एक बात बोलूँ? स्लॅब को मजहब नहीं रहता. तुम किधर थे?"

मी म्हणालो, तार आणायला गेल्तो. पाशामियाँ म्हणाले, "हौ." एवढंच.

आता तुम्हाला वाटेल, एवढं कळल्यावर हा माणूस वितळला असेल, जाऊन पाया पडला असेल. नाही मंडळी. मला आणखी राग आला. आधी त्यांचा मान मला बघवत नव्हता, आता त्यांचा चांगुलपणा बघवेना. रिटायर झाल्यापासून सात वर्षं त्यांनी एकही शनिवार मोडला नव्हता. तो मोडला, तोही माझं काम करायला, आणि माझी लाज झाकायला. मी कृपेवर एवढी वर्षं बोललो, आणि कृपा केली कोणी? मला वाटलं, हे क्षेत्र तरी माझं होतं! पुढच्याच वर्गात मी उठून म्हणालो, "काही लोक देखाव्यासाठी नियम पाळत असतात." फोडांवरची हळद अजून पुरती गेली नव्हती. अण्णासाहेब म्हणाले, "असतात. म्या बी तसा व्हईल अशी मला भीती वाटते." आणि पुढचं वचन वाचायला घेतलं.

एकवीस दिवसांनी सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा बल्ल्या-प्लेटांचा साचा, काढली. आम्ही दोघंच याच जागी उभे होतो, प्लेटा रचत. मला बोलायची खुमखुमी आली. म्हणालो, "बघा अण्णासाहेब, मोशेचं नियमशास्त्र म्हणजे ही सेंट्रिंग. स्लॅब पक्का होईपर्यंत पाहिजे. प्रभू आला, स्लॅब उभा राह्यला. आता बल्ल्या ठेवल्या तर घरात राहायचं कसं?" माझ्या धंद्यातला दृष्टान्त होता, मी आठ दिवस घासूनपुसून ठेवला होता.

त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "लई भारी बोलले, भुजंगराव. बल्ल्या काढायलाच पायजेत. पर काढल्यावर बी छताचा आकार त्याच साच्याचा राह्यतो, न्हाई का?"

दृष्टान्त माझा, आणि शेवटचं वाक्य त्यांचं! तुम्हीच सांगा, माणसानं किती सहन करावं?

मग ते हळूच म्हणाले, "त्या शनिवारी मला वाटलं व्हतं, लई जड जाईल. न्हाई गेलं. तुमाला कधी बोलावं वाटलं तर म्या हाये." त्यांना सगळं कळलं होतं. मी म्हणालो, "ते नटबोल्ट तिकडल्या पोत्यात टाका." तो दिवस गेला. आणि बघता बघता चार वर्षं गेली.

दहा आज्ञांमधली शेवटची आज्ञा आपण लेकरांना पाठ करायला लावतो. शेजाऱ्याच्या घराचा, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नको. मी लहान होतो तेव्हा वाटायचं, गाढवाचा लोभ कोणाला होणार? शेजाऱ्याचं जे काही आहे त्या कशाचाच लोभ नको, असं ती आज्ञा शेवटी म्हणते. त्या "जे काही"त शेजाऱ्याचा मान येतो, त्याच्याभोवती बसणारी माणसं येतात, त्याच्या हातावरचे फोडसुद्धा येतात. हो, त्या फोडांचाही मला हेवा वाटला. अकरा वर्षं मी तुम्हाला सांगत होतो, की आपण नियमशास्त्राखाली नाही, आणि अकरा वर्षं त्याची दहावी आज्ञा रोज मोडत होतो. मी तुमच्यापुढं पौलाचं नाव घेत होतो. पण पौलानंही लिहिलंय, की लोभ म्हणजे काय ते मला आज्ञेनंच कळलं. ते पान मी भरभर उलटायचो.

मग पाळायचं की नाही? माझं उत्तर बदललेलं नाही. नियमशास्त्रानं कोणी तरत नाही, शनिवारानं नाही, रक्ती सोडल्यानं नाही. माझा हेवा मला त्या आज्ञेनं दाखवला, पण ती त्याला काढू शकली नाही. तो प्रभूलाच काढावा लागेल, आणि अजून पुरता काढलेला नाही, हे तुम्ही आज सुरुवातीलाच ऐकलंत. पण ज्या माणसाशी मी या प्रश्नावर भांडलो, त्यानं त्या आज्ञांमधून शेजाऱ्यावर प्रीती शिकून घेतली होती, आणि मी कृपेतून फक्त वाद शिकलो होतो. वर्ग घ्यायला उभं राहणाऱ्याबद्दल एवढं तुम्हाला माहीत असावं.

बुधवारी कमिटीत माझं नाव कोणी सुचवलं, हे आज सकाळी सांगितलं गेलं नाही. अण्णासाहेबांनी सुचवलं. म्हणाले, "भुजंगरावांसारखं शास्त्र कोणाला येत न्हाई." मी घरी गेलो. दैवशाला म्हणाली, "मिळाली का खुर्ची? आता तरी जेवा पोटभर." मी ताट बाजूला सारलं. मी तिला म्हणालो, तुला एक सांगायचं आहे, तो स्लॅबचा शनिवार...

ती म्हणाली, "मला ठावं हाये."

"काय ठावं हाये?"

"त्या दिवशी तुमच्या चपलांना सिमेंट नव्हतं. गवंड्याची बायको हाये म्या. चार वर्षं वाट बघून राह्यले, कधी सांगता म्हणून." मग ताट पुढं सरकवत म्हणाली, "आन् मला सांगून काय फायदा? ज्यांनी टाळ्या वाजवायच्या त्यांना सांगा."

म्हणून सांगितलं.

आता मी खुर्ची नाकारली, तर उद्या तुम्ही म्हणाल, मिस्त्री किती नम्र! आणि मला ते आवडेल. म्हणून मी नाकारत नाही, घेतही नाही. पाळकसाहेबांना हात जोडून विनंती आहे, की कमिटीनं हा विषय पुन्हा घ्यावा, माझ्या गैरहजेरीत, आणि ज्यांनी आज हे ऐकलं त्यांना विचारून ठरवावं. मला विचाराल, तर बेबीनंदाताईंनी वर्ग घ्यावा. अकरा वर्षं त्यांनी प्रश्न विचारले. माझ्याकडं आधीपासून उत्तरंच होती. जे ठरेल ते ठरेल. रविवारी मी वर्गात खाली, ऐकणाऱ्यांच्या चटईवर असेन.

आभार मानायचं काम माझ्याकडं आहे, ते करतो. मंडप आणि खुर्च्या ज्यांनी विनामूल्य दिल्या त्यांचे, पहाटेपासून चुलीपाशी असलेल्या बहिणींचे, आणि माईकचे, जो आज पहिल्यांदाच मध्ये बंद पडला नाही, सर्वांचे मंडळीच्या वतीनं आभार. पाशामियाँ, तुम्ही चार वर्षं तोंड बंद ठेवलंत, तुमचेही. दैवशाला, तुझेही.

अण्णासाहेब, त्या शनिवारी तुम्ही पाणी मारलंत. मी मारलं नव्हतं. चार वर्षं ते माझ्या नावावर चालत आलं. तुमचे आभार.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर ते सभेनं पोटात घालावं. बाकीची माफी मला सभेकडं मागायची नाही. ज्यांच्याकडं मागायची आहे ते तिथं बसलेत, आणि त्यांची गाडी साडेतीनची आहे. माईक पाळकसाहेबांकडं देतो आणि त्यांच्याकडं जातो. सलाम.